नागपूर ते बेनापोल: तस्करीतून सुटलेल्या परदेशी महिलांची परतीची फाइल नेमकी कुठे अडते

नागपुरातल्या एका महिला वसतिगृहाच्या तरुण अधीक्षिकेचा प्रश्न असा आहे: छाप्यातून आणलेल्या दोन बांगलादेशी आणि एक नेपाळी महिला आमच्याकडे आहेत. भारत आणि बांगलादेश यांच्यात करार आहे असं म्हणतात. मग परत पाठवायला वर्ष-दीड वर्ष का लागतं? आम्ही थेट दूतावासाशी बोलावं का, आणि आमच्या हातात नेमकं काय आहे?

करार आहे. 6 जून 2015 रोजी ढाक्यात दोन्ही देशांनी मानवी तस्करी रोखण्याचा, विशेषतः महिला आणि बालकांच्या सुटकेचा, परत पाठवणीचा आणि पुनर्वसनाचा सामंजस्य करार केला. त्याखाली दोन्ही बाजूंची संयुक्त टास्क फोर्स आहे, कामाची पद्धत ठरलेली आहे. म्यानमारशी असाच करार फेब्रुवारी 2020 मध्ये झाला. त्याच्या वरती 2002 चा सार्क करार आहे, पण तो फक्त वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या तस्करीपुरता. घरकामाला, वीटभट्टीवर किंवा खोट्या लग्नाच्या नावाखाली आणलेली बाई त्यात बसत नाही. ती उणीव संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरोधी पालेर्मो प्रोटोकॉल भरून काढतो. भारताने तो 2011 मध्ये, बांगलादेशाने 2019 मध्ये आणि नेपाळने 2020 मध्ये स्वीकारला. म्हणजे आता तिन्ही देश एकाच व्याख्येने बांधलेले आहेत, आणि पत्रव्यवहारात तिचा आधार बिनधास्त घ्यावा.

वेळ मात्र करारात जात नाही. तो दोनच ठिकाणी जातो: बांगलादेशातली राष्ट्रीयत्वाची पडताळणी आणि इथल्या कोर्टाची परवानगी. पहिली गोष्ट तुम्ही पहिल्या काही आठवड्यांत काय लिहून घेतलं त्यावर ठरते, दुसरी सरकारी वकिलांकडे तुम्ही किती लवकर गेलात त्यावर. ढाका आणि दिल्लीचे संबंध ताणलेले असले तर पडताळणी रेंगाळते, हे खरं. पण चांगली फाइल ताणाच्या दिवसांतही पुढे सरकते आणि वाईट फाइल मैत्रीच्या दिवसांतही परत येते.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: ही बाई पोलिसांच्या कागदावर पीडित आहे की आरोपी? छाप्यात सापडलेली बांगलादेशी महिला एकाच दिवशी तस्करीची पीडित आणि विनापासपोर्ट प्रवेशाची आरोपी होऊ शकते. 1 सप्टेंबर 2025 पासून जुन्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, 2025 आला. वैध कागदपत्रांशिवाय प्रवेशाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. तस्करीतून आलेल्या बाईला यात ओढायचं नसतं. केंद्रीय गृह मंत्रालयाने 1 मे 2012 च्या सूचनापत्रात स्पष्ट सांगितलं होतं की परदेशी व्यक्ती पीडित आहे की तस्कर हे आधी तपासा. ती पीडित निघाली आणि कागदपत्रं नाहीत म्हणून गुन्हा दाखल असेल तर तिच्यावर दोषारोपपत्र ठेवू नका, ठेवलं असेल तर मागे घ्या, आणि तिची माहिती परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवा. ते पत्र जुन्या कायद्याच्या काळातलं असलं तरी त्यातलं तत्त्व तपास अधिकाऱ्यासमोर आणि कोर्टासमोर मांडता येतं. छापील प्रत फाइलला लावाच. तोंडी सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही.

2025 पासून बेकायदा बांगलादेशींच्या शोधमोहिमांचा जोर वाढला आहे, त्यामुळे ही तपासणी जास्तच महत्त्वाची झाली. अशा मोहिमेत बाई एकदा 'घुसखोर' या रकान्यात गेली की तिला टास्क फोर्सची वाट मिळत नाही, थेट हद्दपारीच्या रांगेत तिचा नंबर लागतो. सीमेपलीकडे तिला ताब्यात घ्यायला कोणी नसेल तर ज्याने विकलं त्याच दलालाचा माणूस तिथे उभा असण्याची भीती खरी आहे. म्हणून गुन्हा पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यासोबत भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 आणि 144 खाली नोंदला गेला आहे का, हे बघा. 143 म्हणजे तस्करी, 144 म्हणजे तस्करी झालेल्या व्यक्तीचं शोषण. नुसता पिटा लावला की कोर्टाच्या नजरेत ती 'धंद्यावरची बाई' राहते. आणि तिच्यावरच पिटाचं कलम 8, म्हणजे गिऱ्हाईक बोलावल्याचा आरोप लावला असेल, तर त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागा.

आता पत्त्याच्या कागदाकडे. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत याच कागदाला सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, आणि प्रत्यक्षात तो दहा मिनिटांत उरकला जातो.

छाप्याच्या रात्री बाई काय सांगते? बहुतेक वेळा 'कोलकाता' किंवा 'चोवीस परगणा'. दलालाने तसं पढवलेलं असतं आणि हातात खोटं आधार कार्डही दिलेलं असतं. पंधरा दिवसांनी भीती कमी झाली की ती खरं गाव सांगते. तोवर पोलीस जबाबात एक पत्ता, दंडाधिकाऱ्यांपुढच्या जबाबात दुसरा आणि वसतिगृहाच्या रजिस्टरमध्ये तिसरा झालेला असतो. उपउच्चायुक्तालयातला अधिकारी तीन पत्ते बघतो आणि फाइल बाजूला ठेवतो. उपाय साधा आहे. सुरुवातीला पत्त्याचा आग्रह धरू नका. तिचा विश्वास बसल्यावर सविस्तर मुलाखत घ्या आणि पत्ता का बदलला याची दोन ओळींची टीप समुपदेशकाच्या सहीने जोडा. भीतीपोटी आधी चुकीचा पत्ता दिला, असं लिहिण्यात काहीच गैर नाही. ते लपवलं तर मात्र संशय येतो.

समजा ती म्हणाली, 'शामनोगोर'. इथला हवालदार 'शामनगर' लिहितो, टंकलेखक इंग्रजीत आणखी वेगळं स्पेलिंग करतो. श्यामनगर बांगलादेशातल्या सातखीरा जिल्ह्याचा उपजिल्हा आहे, आणि पश्चिम बंगालमध्ये उत्तर चोवीस परगण्यातही एक श्यामनगर आहे. नुसत्या नावावर पडताळणी झाली तर माणूस चुकीच्या देशात शोधायला लागतो. म्हणून क्रमाने विचारा: जिल्हा, उपजिल्हा किंवा थाना, युनियन (आपल्या ग्रामपंचायतीसारखा भाग), वॉर्ड, गाव, गावातला पाडा. मग खुणा विचारा: जवळचा हाट कोणत्या वारी भरतो, नदीचं किंवा घाटाचं नाव काय, कोणती शाळा, कोणता मदरसा, घराजवळची मशीद किंवा मंदिर, युनियन परिषदेचा चेअरमन आणि वॉर्डाचा मेंबर कोण. वडिलांचं, आईचं, आजोबांचं नाव, भावंडांचा क्रम, नवऱ्याचं गाव. बंगाली घरांत हाक मारायचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असतं, ती दोन्ही लिहा, कारण गावात चौकशीला गेलेल्या माणसाला शेजारी हाकेच्या नावानेच ओळखतात. जन्मनोंदणीचा सतरा अंकी नंबर तिला पाठ नसतो, पण घरच्यांचा फोन लागला तर तेवढ्यावर निम्मं काम होतं. कागद शेवटी बंगाली लिपीत हवा. तिला स्वतःला लिहिता येत असेल तर तिच्याच हाताने लिहून घ्या आणि मराठी-इंग्रजी प्रत मागे जोडा.

दुभाष्याबाबत सावध राहा. सोबत सुटलेल्या दुसऱ्या बाईला दुभाषी करू नका, ती दलालाची 'ताई' असू शकते. नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बंगाली कुटुंबं आहेत, त्यांतल्या निवृत्त शिक्षिकेसारखी बाई चांगली. मात्र खुलना-सातखीराकडची बोली कोलकात्याच्या बंगालीपेक्षा वेगळी पडते, तेव्हा प्रत्येक नाव तिला परत म्हणायला लावा. कोणी 'मामा' किंवा 'नवरा' भेटायला आला तर त्याच्यासमोर घरचा विषय काढायचा नाही.

घरच्यांना फोन करण्याआधी तिला एकटीला विचारा: तुला कोणी पाठवलं? सावत्र बापाने किंवा मावशीनेच पाठवलं असेल तर त्या घरचा नंबर पडताळणीत देताना तशी स्पष्ट नोंद हवी. पिटाचं कलम 17-अ पालकांकडे सोपवण्यापूर्वी घर सांभाळायला योग्य आहे का हे तपासायला सांगतं. ती तपासणी बांगलादेशात तिथल्या संस्था आणि समाजसेवा खाते करतात. तो अहवाल राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीसोबतच मागवा, मागून मागवलात तर आणखी काही महिने गेले म्हणून समजा.

दूतावासाशी थेट बोलायचं का? फोनवर बोला, पण अधिकृत पत्र वसतिगृहाने पाठवू नये. रस्ता असा: तुमचा प्रस्ताव जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, तिथून पुण्याच्या आयुक्तालयाकडे, मग राज्याचा गृह विभाग, केंद्रीय गृह आणि परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी बांगलादेशाचं मिशन, म्हणजे त्यांचं उच्चायुक्तालय किंवा उपउच्चायुक्तालय. महाराष्ट्रासाठी मुंबईतलं उपउच्चायुक्तालय जवळचं, सीमेवरच्या कामासाठी कोलकात्याचं. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा आणि आगाऊ प्रत मिशनला ईमेलने द्या. त्यामुळे कॉन्सुलर अधिकारी मूळ कागद येण्याआधीच मुलाखतीची वेळ देऊ शकतो. मुलाखत व्हिडिओ कॉलवर व्हावी असा प्रयत्न करा. एका बाईला पोलीस बंदोबस्तात नागपूरहून मुंबईला नेणं-आणणं म्हणजे महिला शिपाई, वॉरंट, मुक्काम सगळं आलं, आणि बंदोबस्त मिळाला नाही म्हणून तारीख हुकते. मुलाखतीच्या खोलीत तिच्यासोबत तुमची समुपदेशक असावी. आपल्याच देशाचा अधिकारी आहे म्हणून ती मोकळी बोलेल असं धरू नका, अनेकींना तीच जास्त भीती असते.

पडताळणी बांगलादेशाच्या गृह मंत्रालयाकडून पोलिसांच्या विशेष शाखेकडे आणि तिथून गावापर्यंत जाते. होकार आला की मिशन ट्रॅव्हल परमिट, म्हणजे पासपोर्टऐवजी प्रवासाचा कागद देतं. त्याला मुदत असते आणि तिथेच नागपूरची दुसरी अडचण सुरू होते. परमिट हातात आहे, पण कोर्टाची परवानगी नाही. तारखांवर तारखा पडून ती मिळते, तोवर परमिट संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे टाळायचं तर कोर्टाचं काम पडताळणी सुरू असतानाच उरका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब शक्य तितक्या लवकर, दुभाष्यासह. पिटाच्या कलम 17 खालची चौकशी पूर्ण करून घ्या. यात दंडाधिकाऱ्यांना पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं, त्यांत शक्यतो तीन महिला असलेलं मंडळ मदतीला घेता येतं, आणि तुमच्या जिल्ह्यातल्या जाणत्या कार्यकर्त्यांची नावं तुम्हीच सुचवू शकता. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध संरक्षणगृहात ठेवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये म्हटलं आहे. परदेशी महिलेबाबत प्रत्यक्षात ती कुठे जाणार हा प्रश्न उरतो, तरी कोंडून ठेवणं आणि सुरक्षित आसरा देणं यांतला फरक वसतिगृहाच्या वागण्यात दिसायला हवा. मुलगी अल्पवयीन असेल तर सगळं बालकल्याण समितीपुढे. वयाचा कागद नसला की मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत हाडांची चाचणी होते, पण तिच्या उत्तरात एक-दोन वर्षं इकडे-तिकडे होतात. बांगलादेशातून शाळेचा किंवा जन्मनोंदणीचा दाखला आला तर कायद्याने आधी तोच बघायचा असतो.

कोर्ट सहसा विचारतं: ही गेली तर साक्ष कोण देणार? प्रश्न रास्त आहे. फिर्यादी साक्षीदार नाही म्हणून तस्कर सुटतात, हे आपण बघतो. उत्तर व्हिडिओ साक्षीचं आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सने घेतलेली साक्ष चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल देसाई प्रकरणात 2003 मध्येच मान्य केलं. साक्षीदार परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी समन्वयक राहावा, अशी नियमांत सोय आहे. म्हणून परवानगीच्या अर्जातच लिहा की साक्ष तिथल्या भारतीय मिशनमार्फत व्हिडिओवर घेतली जाईल, तिचा तिथला पत्ता आणि तिकडच्या संस्थेचा संपर्क सीलबंद पाकिटात सोबत आहे. पाकीट सीलबंदच हवं, कारण दोषारोपपत्राची प्रत आरोपीच्या वकिलाला मिळते आणि उघडा पत्ता थेट दलालाच्या हाती पडतो. हे लिहिलेला अर्ज आणि नुसता 'परत पाठवण्याची परवानगी मिळावी' असा अर्ज, यांच्या निकालात फार फरक पडतो.

तिला आणणारा माणूस बांगलादेशात पळून गेला असेल तर तपास अधिकाऱ्याला आठवण करून द्या की दोन देशांत 2013 चा प्रत्यार्पण करार आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर अटक वॉरंटवरही मागणी करता येते. मोठी टोळी दिसत असेल तर 2019 च्या दुरुस्तीने मानवी तस्करीचे गुन्हे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कक्षेत आले आहेत.

पैशाचा विषय बहुतेक फाइलींमध्ये शेवटपर्यंत निघतच नाही, याचं वाईट वाटतं. छाप्यात तिचा मोबाइल, रोकड, कानातलं मुद्देमाल म्हणून जप्त होतं. ती गेली की ते मालखान्यात पडून राहतं. फोनची तपासणी झाली असेल तर माल परत मिळण्याचा अर्ज आधीच द्या, फोनमधली घरची छायाचित्रं पडताळणीलाही उपयोगी पडतात. नुकसानभरपाई भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागायची. ती परदेशी आहे म्हणून अर्जच करायचा नाही, असं मानू नका, अर्ज ती इथे असतानाच करा. अडचण बँक खात्याची असते: आधार नाही, पॅन नाही. रक्कम कोणत्या मार्गाने तिच्यापर्यंत पोहोचवायची हे आदेशातच लिहून मागा. गेल्यावर ठरवू म्हटलं की ते पैसे तिला मिळत नाहीत.

मुलं असतील तर त्यांचं नाव पहिल्या प्रस्तावातच घाला. 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्या मुलाची आई बेकायदा स्थलांतरित ठरत असेल, तर बाप भारतीय असला तरी मूल जन्माने भारतीय नागरिक होत नाही. मग मुलालाही मिशनचं परमिट लागतं, आणि त्यासाठी इथला जन्मदाखला. दवाखान्यात आईचं खोटं नाव लिहिलेलं असतं, ते महापालिकेतून दुरुस्त करायला वेळ लागतो. आई निघाली आणि मूल बालगृहात राहिलं, असं होऊ देऊ नका.

प्रत्यक्ष प्रवासाआधी परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडून देश सोडण्याची परवानगी घ्या, शहरांत हे काम पोलिसांकडे असतं. नागपूर ते हावडा सुमारे 1,130 किलोमीटर, मग रस्त्याने सीमेवरचं पेट्रापोल. कोलकात्यात एक रात्र संस्थेच्या निवाऱ्यात काढावी, उतरल्या-उतरल्या सीमेवर धावू नये. सकाळीच पोहोचा, दुपारनंतर गेलात आणि एखादा शिक्का राहिला तर ती रात्री कुठे थांबणार हा प्रश्न उभा राहतो. पेट्रापोलला आपलं इमिग्रेशन आणि सीमा सुरक्षा दल, पलीकडे बेनापोलला त्यांचं इमिग्रेशन, सीमा रक्षक बीजीबी, पोलीस ठाणं आणि ताब्यात घेणारी संस्था. मूळ परमिट, कोर्टाचा आदेश, देश सोडण्याची परवानगी आणि वैद्यकीय कागद यांच्या चार-चार प्रती ठेवा. एचआयव्ही किंवा क्षयाचे उपचार सुरू असतील तर किमान महिनाभराची औषधं आणि पुढच्या केंद्राचं पत्र तिच्याच हातात, बंद पाकिटात द्या. ते सोपवणीच्या यादीत उघडं लिहायचं नाही. ताबा पावतीवर घेणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि वेळ घ्या. सीमेवर पत्रकार आणि कॅमेरे नकोत, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. गावात छायाचित्र पोहोचलं तर तिला घरात राहणं कठीण होतं.

नेपाळची गोष्ट वेगळी. 1950 च्या मैत्री करारामुळे सीमा खुली आहे, पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की गाडीत बसवलं की झालं. तीच चूक असते. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवरच्या मोठ्या छाप्यांनंतर सुटलेल्या नेपाळी मुली तिथल्या सरकारने टाळाटाळ केल्यामुळे महिनोन्‌महिने अडकून पडल्या, आणि शेवटी संस्थांनी पुढे होऊन त्यांना नेलं. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे काठमांडूत 'शक्ति समूह' उभा केला, ज्याला 2013 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नेपाळी महिलेसाठी दिल्लीच्या दूतावासाचं पत्र आणि ताब्यात घेणारी संस्था, दोन्ही हवं. मैती नेपाळसारख्या संस्थांची सीमेवर संक्रमण निवारागृहं आहेत. नागपूरकडून गोरखपूर आणि तिथून सोनौली हा सोयीचा मार्ग. नेपाळमध्ये नागरिकतेचं प्रमाणपत्र सोळाव्या वर्षानंतर मिळतं, लहान वयात नेलेल्या मुलीकडे ते नसतंच. त्यामुळे जिल्हा, पालिका आणि वडा (म्हणजे वॉर्ड) नंबर लिहा, वडा कार्यालयाची शिफारस आली की पुढचं सोपं होतं. आणि ती आखाती देशांत कामाला जायला निघाली होती का, हेही विचारा. नेपाळ सरकारने महिलांच्या तिकडे जाण्यावर वेळोवेळी निर्बंध घातल्याने दलाल त्यांना भारतातल्या विमानतळांवरून पाठवतात. तशी मुलगी पिटात बसत नाही, तरी ती तस्करीचीच पीडित असू शकते.

कोणाला पाठवू नये, हेही ठरवावं लागतं. रोहिंग्या महिला असेल तर म्यानमारच्या दूतावासाला तिचं नाव कळवू नका, आधी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाशी बोला. घरूनच जिवाला धोका असलेल्या बाईने नकार दिला तर तो तिच्या शब्दांत लिहून कोर्टापुढे ठेवा. पालेर्मो प्रोटोकॉलच्या कलम 8 प्रमाणे परत पाठवणी तिची सुरक्षितता बघून आणि शक्यतो तिच्या इच्छेने व्हायला हवी.

एक काम वसतिगृहाकडूनच व्हायला हवं. दर तीन महिन्यांनी प्रलंबित प्रकरणांची एक पानाची यादी आयुक्तालयाला पाठवा: कोणाची फाइल कोणत्या टप्प्यावर, किती दिवस, कोणाच्या टेबलावर. टास्क फोर्सच्या बैठकीत दिल्लीचे अधिकारी ढाक्याच्या अधिकाऱ्यांना नेमकं विचारू शकतात ते अशाच यादीवरून. 'पडताळणी लवकर करा' ही विनंती हवेत जाते, पण अमुक उपजिल्ह्यातली तमुक प्रकरणं दोनशे दिवसांपासून थांबली आहेत, हे वाक्य उत्तर मागतं. ती गेल्यावरही तिचं नाव यादीतून काढू नका. महिन्याने आणि सहा महिन्यांनी तिकडच्या संस्थेकडून खबर घ्या, साक्षीची तारीख लागली की समन्स तिच्या घरी न जाता त्या संस्थेमार्फत जाईल असं सरकारी वकिलांशी ठरवून ठेवा, आणि इथून कोणी साधा फोन करतानाही 'नागपूर पोलीस' म्हणून सुरुवात करणार नाही, एवढी काळजी घ्या.